फोटो आला होता

त्या गुरुवारी सकाळी पावणेअकरा वाजता देवकरांच्या आक्कांचे पाचही मुलगे माझ्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले. आधी कोईमतूरचा बाबूराव गेला, मग बनारसचा आनंदा, मग गुवाहाटीचा संपत आणि विजयवाड्याचा हणमंत, आणि सगळ्यात शेवटी अमृतसरचा सर्जेराव. ते उभे होते तिथं पाच काळे चौकोन उरले. मधे खुर्चीत आक्का मात्र होत्या तशाच होत्या, निळं इरकली लुगडं नेसलेल्या, पदर डोक्यावर, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"अगं आई गं," मी म्हणाले. ऐकायला दुकानात कुणी नव्हतं.

हे सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावर झालं हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही पोलिसांत जाल. खरे पाचही जण धडधाकट होते. पण त्या घटकेला मला विचाराल तर पडद्यावरचेच माझ्या जास्त जिवाचे होते. त्यांना एकत्र आणायला मला दीड वर्ष लागलं होतं, आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाचला आक्का तो फोटो न्यायला येणार होत्या.

गोष्ट सतरा-अठरा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा विट्यात तारळेकरकाकांच्या फोटो स्टुडिओत कामाला होते. काका फोटो काढायचे आणि मी कॉम्प्युटरवर ते नीटनेटके करायची. आमच्या भागातली कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यात. गलाई म्हणजे सोनारांचं जुनंपानं सोनं आटवून शुद्ध करून द्यायचं. ह्या धंद्यापायी एकेका घरातली भावंडं देशाच्या चारी टोकांना पांगलेली असतात. आक्काताई देवकरांचे पाच मुलगे असेच पाच राज्यांत. आक्का सत्तरीच्या, गावात एकट्या. त्यांची हौस एवढीच, की पाचही लेकरं आपल्याभोवती उभी आहेत असा एक फोटो घरात लावायचा. पण अट अशी, की पाचांनी मिळून कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं नाही.

"एकेकाचा काढा, आन् तुमच्या त्या मिशनीत जोडा," त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

मला वाटलं, मुलांना एका वेळी सवड होत नसेल. पण मागच्या चैत्रात यात्रेला चौघं एकदम गावात होते, तेव्हासुद्धा आक्कांनी दोघांनाच धाडलं, आणि तेही वेगवेगळ्या दिवशी. मी काकांना विचारलं, "काका, ही काय भानगड?" तर म्हणाले, "गिऱ्हाइकाची मर्जी. तू तुझं काम कर," आणि मागच्या खोलीत निघून गेले. देवकरांचा विषय निघाला की काका नेहमीच असे मागच्या खोलीत जायचे. म्हाताऱ्या माणसांच्या खोडी, असं म्हणून मी सोडून दिलं.

मग काकांनीच युक्ती काढली. आक्कांची खुर्ची ठेवायची ती जागा आणि तिच्याभोवती फरशीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं पाच खुणा. पडदा तोच, दिवे तेच. ज्याला जेव्हा गावी यायला जमेल त्यानं यावं, आपल्या खुणेवर उभं राहावं आणि रिकाम्या खुर्चीकडं बघून हसावं. शेजारी भाऊ आहे असं धरून त्याच्या खांद्यावर हात टाकायचा, तर तो हवेत. "ताई, येड्यागत वाटतंय बघा," हणमंत म्हणाला होता. एकेक आला की मी त्याला सगळ्या बाजूंनी कापून आक्कांच्या फोटोत बसवायची. असे चार झाले. शेवटचा सर्जेराव, आदल्या रविवारी. तो मुद्दाम अमृतसरहून आला होता, कारण आक्कांना मिरजेला न्यायचं होतं. त्यांचा एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्याचं शुक्रवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले होते, बहुतेक दिसायला लागेल, पण शब्द देत नाही.

"शब्द देत न्हाई म्हंजे मला पोरं आधी बघाय पायजेत," आक्का म्हणाल्या. "गुरवारी फोटो द्या. तो बघून मी जाती."

आता माझा पराक्रम सांगते.

आम्ही 'रंगसाज' नावाचं सॉफ्टवेअर वापरायचो. पुण्याच्या एका लहानशा कंपनीचं होतं, पण गुणी. त्यांनी नवी आवृत्ती बाजारात आणायच्या आधी दहा स्टुडिओंना चाचणीला दिली होती, की वापरा आणि काय काय बिघडतं ते कळवा. त्या दहांत माझं नाव! मी आठवडाभर जमिनीवर नव्हते. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे बिघडवायचं काम दिलंय होय तुला? ते तर तू फुकटसुद्धा करतेस."

कंपनीचं पत्र मी कॉम्प्युटरच्या वर भिंतीला चिकटवलं होतं. नवी आवृत्ती जुनीच्या जागी टाकू नका, शेजारी टाका. रोजचं काम जुनीतच करा. नवीत फक्त नकला उघडा, कारण नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. शेवटच्या ओळीखाली तर मीच लाल पेनानं रेघ मारली होती: ज्या फाइलची नक्कल नाही, ती नवीत कधीही उघडू नका. जुनीची खूण निळी, नवीची नारिंगी. दोघींसाठी मी वेगवेगळे फोल्डरही केले होते, एक 'काम' आणि एक 'चाचणी'.

काका चष्मा वर करून बघायला आले होते. "दोन सुना एका घरात? भांडायच्या नाहीत?"

"नाही काका. चुली वेगळ्या, डबे वेगळे."

"आणि हिच्या डब्यात तिनं हात घातला तर?"

"मी आहे ना मधे."

"झालीस का सासू?" काका म्हणाले आणि हसत गेले.

काका जुन्या जमान्यातले. निगेटिव्हवर बारीक पेन्सिलनं आणि ब्लेडच्या टोकानं काम करून माणसाचा चेहरा साफ करायची विद्या त्यांच्या हातात होती. पण कुठल्याही निगेटिव्हला हात लावायच्या आधी ते त्याची नक्कल करायचे. मूळ निगेटिव्ह बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, कपाटात, किल्ली कमरेला. हातात फक्त नक्कल. देवकरांचं काम सुरू झाल्यापासून रोज विचारायचे, "जयमाला, नक्कल केलीस?" आणि मी रोज म्हणायची, "हो काका." पहिल्या तीन मुलांपर्यंत ते खरंही होतं, सीडीवर करायची. मग सीड्या संपल्या. मग आणायच्या राहिल्या. "हो काका" तेवढं चालू राहिलं.

तर त्या गुरुवारी काका शाळेत ओळखपत्रांचे फोटो काढायला गेले होते. सगळं झालं होतं, सर्जेरावाचे केस मागच्या पडद्यापासून सोडवायचे तेवढे राहिले होते. आणि केस म्हणजे काय केस! कुरळे, पिंजारलेले, एकेक बट वेगळ्या दिशेला. निळीत ते सोडवायचे तर तीन तास नक्की जाणार. बाराला लोडशेडिंग, लाइट येणार चारला. आणि नारिंगीत नेमकी ह्याच कामासाठी नवी सोय आली होती. मी भिंतीवरच्या पत्राकडं बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, खोटं कशाला बोलू. पाच मिनिटांचं तर काम, म्हटलं, कुणाला कळणार आहे?

आणि नारिंगीनं केस असे सोडवले की मी एकटीच खुर्चीत 'वा!' म्हणाले. त्याच भरात सेव्ह केलं. त्याच नावानं, त्याच जागी. पडदा एकदा लवला आणि मुलगे जायला लागले.

मी फाइल बंद करून पुन्हा उघडली. काळे चौकोन. निळीत उघडली, तर निळी म्हणाली, ही फाइल नव्या आवृत्तीची आहे, मी उघडणार नाही. जुन्या तीन सीड्या काढल्या. त्यात बाबूराव, आनंदा आणि संपत, तेही ओबडधोबड. बाकी दोघांचे कॅमेऱ्यातले मूळ फोटो होते, पण उजेड जुळवणं, सावल्या टाकणं, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर बसवणं, हे सगळं पुन्हा करायचं तर आठ दिवस हवेत. माझ्याकडं लाइट जायला तास होता.

पुण्याला फोन लावला. कंपनीतले नेने नावाचे गृहस्थ होते, फार गोड बोलायचे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फार महत्त्वाची चूक सापडली तुम्हाला, मॅडम! तुम्ही नकलेवरच काम करत होतात ना?"

"हो, म्हणजे काय!" मी म्हणाले.

"मग काहीच प्रश्न नाही. मूळ फाइल जुनीत उघडा आणि चालू द्या."

"हो ना," मी म्हणाले आणि फोन ठेवला. ठेवल्यावर रडले.

बाराला पाच मिनिटं कमी असताना दाराशी चपला वाजल्या. बघते तो सर्जेराव, आणि त्याचा दंड धरून आक्का.

"पाचला यायचं होतं ना, आक्का?" मी म्हणाले.

"घरात बसवंना," सर्जेराव म्हणाला. "सकाळपासनं चल चल लावलंय. म्हणली लाइट जायच्या आत बगायचा."

आक्का चाचपत फरशीवरच्या त्यांच्या खुर्चीत जाऊन बसल्या. त्यांना आता माणूस सावलीएवढाच दिसायचा, वस्तू बघायची तर नाकाशी धरावी लागायची. "झाला का गं बाई? आण हिकडं."

मी कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर अशी उभी राहिले की तो दिसू नये. आता आठवलं की हसू येतं, दिसणार कुणाला होतं? तोंडात वाक्य तयार होतं. फोटोवाल्यांच्या धंद्यातलं सगळ्यात सोपं वाक्य, त्यात कुणाचीच चूक नसते. "आक्का," मी म्हणाले, "जरा घोटाळा झालाय. तो फोटो आहे ना…"

"आला न्हाई?"

तेवढ्यात बारा वाजले आणि लाइट गेली. आमचं बॅटरीचं खोकं किंचाळायला लागलं, म्हणून मी निमूटपणे कॉम्प्युटर बंद केला.

"फोटो आला न्हाई म्हंतीस?" आक्कांचा आवाज इतका बारीक झाला की दुसऱ्याच कुणाचा वाटला. त्यांनी सर्जेरावाचा हात घट्ट धरला. "सर्जा, गाडीवाल्याला सांग, येऊ नगं. मी मिरजंला जात न्हाई."

"अगं आये, फोटोचा आन् डोळ्याचा काय संबंध?"

"हाय संबंध. तुला म्हाईत न्हाई, तू पोटात हुतास." आक्कांनी पदरानं तोंड पुसलं. "तुझा बा पयल्यांदा कालिकतला निघाला तवा ह्याच दुकानात फोटो काढला. घरात लावायला. तो गेला, आन् चार दिसांनी म्या न्ह्यायला आले तर म्हणाले, फोटो आलाच न्हाई. चांगला हिथं बसलेला मानूस, त्याचा फोटो येत न्हाई म्हंजे काय? माझ्या काळजात चर्र झालं. म्हणलं, तार करून माघारी बोलवावं. पर सासू म्हणली, खुळी का काय, चार पोरं खायाला घालायचीत. म्या गप बसले. धा म्हैन्यानं तिकडनंच तार आली, तापानं गेला म्हनून."

सर्जेराव तोंड उघडं टाकून ऐकत होता. त्याला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"मला खूण दावली हुती देवानं," आक्का म्हणाल्या, "आन् म्या ती बघून गप बसले. बेचाळीस वरसं झाली, एक दीस गेला न्हाई की ते मनात आलं न्हाई. म्हनून तुमा पाचांना एका जागी हुबं करू दिलं न्हाई. न आला तर एकाचा न येईल, माझ्याच पोटातली पाची एकदम न्हाईत. आन् आता बघ. एकेकाचा आला आन् सगळ्यांचा मिळून न्हाई आला."

मला वाटलं, फरशीनं पोटात घ्यावं. तीन तास वाचवायला मी काय करून बसले होते! केस सोडवायला गेले आणि एका बाईच्या उरल्यासुरल्या डोळ्यावर उठले. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"जयमाला, काय झालंय? सरळ सांग."

काका कधी येऊन उभे राहिले होते कळलंच नाही. कॅमेऱ्याची पिशवी अजून खांद्याला. मी सरळ सांगितलं. नारिंगी, केस, सेव्ह, आणि सीड्या आणायच्या राहिल्या तेही. काकांचा राग मला ठाऊक होता, मी मान खाली घालून वाट बघत राहिले.

"आणि आक्कांना काय सांगणार होतीस? फोटो आला नाही म्हणून?"

"हो."

"ते वाक्य ह्या दुकानात एकदा बोलून झालंय," काका म्हणाले. "पुन्हा बोलायचं नाही."

त्यांनी पिशवी ठेवली, कमरेची किल्ली काढली आणि कपाटातला बिस्किटाचा डबा घेऊन आले. स्टूल ओढून आक्कांच्या समोर बसले, डबा मांडीवर. किती वेळ नुसते त्याच्या झाकणावरून हात फिरवत होते.

"वहिनी," ते म्हणाले. काकांनी आक्कांना वहिनी म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. "फोटो आला होता."

"कुठला?"

"आबांचा. तुमच्या मालकांचा. आला होता. चांगला आला होता."

आक्का खुर्चीत पुढं सरकल्या.

"मी बावीस वर्षांचा होतो, वहिनी. वडील गावाला गेलेले. मला वाटलं, असा झकास करून द्यावा की सगळ्यांनी विचारावं, कुणी केला? आबांच्या नाकावर तेलाची चमक आली होती, ती कमी करायला मी ब्लेड घेतलं. नक्कल केली नाही, थेट निगेटिव्हवर. पाच मिनिटांचं काम म्हणून." काकांनी माझ्याकडं बघितलं नाही, पण मला बघितल्यासारखंच लागलं. "ब्लेड खोल गेलं. प्रिंटमधे नाकाच्या जागी काळा खड्डा. आबा तर निघून गेलेले, पुन्हा बसवणार कुणाला? वडील मारतील म्हणून मी सांगून टाकलं, फोटो आलाच नाही. पुढं तार आली. मग कुठल्या तोंडानं सांगणार होतो? मला वाटायचं, वहिनींचा एक फोटो गेला माझ्यापायी. एवढंच वाटायचं. तुम्ही ह्याला खूण समजून बसलात हे आज दारात ऐकलं. आईशपथ, आज ऐकलं."

"म्हंजे फोटो आला हुता?" आक्कांनी पुन्हा विचारलं.

"आला होता."

"देवानं काय दावलं न्हवतं?"

"देवाचा काही संबंध नव्हता, वहिनी. ब्लेड माझं होतं."

आक्कांनी हात उचलला, चाचपला, काकांचा खांदा सापडल्यावर एक फटका दिला. मग आणखी एक.

"मुडद्या! बेचाळीस वरसं! तोंड शिवलं हुतं का तुझं? म्या रात रात बसून म्हनायची, तार केली असती तर वाचला असता, तार केली असती तर…" आणि त्या रडायला लागल्या. मोठ्यानं, लहान मुलासारख्या. काका तसेच मान खाली घालून बसले होते, तेही रडत होते, चष्मासुद्धा काढला नव्हता. सर्जेराव आईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होता, "हां आये, हां." मी फक्त उभी होते.

रडता रडता आक्का थांबल्या. मोठा श्वास घेतला, आणि मग तो सोडताना त्यांचे खांदे जे खाली आले, ते मी विसरणार नाही. दीड वर्षात मी त्या बाईचे खांदे खाली आलेले बघितलेच नव्हते.

"सुटले गं बाई," त्या कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाल्या. "सुटले." मग काकांना, "हसत हुतं का?"

"कोण?"

"फोटूत. ह्यांचं तोंड कसं हुतं?"

"जरासं हसत होते," काका म्हणाले. "डाव्या गालात."

"तसंच हसायचं," आक्का म्हणाल्या.

काकांनी डब्याचं झाकण उघडलं. आत बटरपेपरच्या पुडीत पोस्टकार्डाएवढं एक निगेटिव्ह होतं. बेचाळीस वर्षं त्यांनी ते टाकलं नव्हतं. आणि त्या पुडीशेजारी होता एक पेन ड्राइव्ह.

"काका, हा तर तुमचा भजनांचा…"

उन्हाळ्यात काकांनी माझ्याकडून शिकून घेतलं होतं, कॉम्प्युटरमधून भजनं त्यात कशी भरायची. मी कौतुकानं शिकवलं होतं.

"भजनं कुठली? मला कुठं गाणं कळतंय?" काका म्हणाले. "तू सहाला घरी गेलीस की रोज ते 'काम' ह्यात उतरवून घेतो. 'हो काका' कसं म्हणतात ते मला चांगलं माहीत आहे. मीही वडिलांना असंच म्हणायचो. काल संध्याकाळचं आहे. उघडतं की नाही ते मात्र तू बघ."

बघणार कसं? लाइट चारला. ते चार तास मी जन्मात पहिल्यांदा नवस बोलले, आणि एकाच देवाला नाही. सर्जेरावानं भजी आणली, आक्कांनी खाल्ली, माझ्या घशाखाली एक उतरेना. आक्का मात्र ऐसपैस बसून काकांना आबांच्या गोष्टी सांगत होत्या, जसं काही फोटोचं आता काही राहिलंच नव्हतं.

चार वाजून सात मिनिटांनी पंखा फिरला. मी पेन ड्राइव्ह लावला. आधी फाइलची नक्कल केली. मग त्या नकलेची नक्कल केली. काका मागं उभे राहून बघत होते. मग निळीत उघडली.

आधी फोटोतला मागचा पडदा आला, मग खुर्ची, मग आक्का. मग बाबूराव. आनंदा. संपत. हणमंत. सर्जेराव, डोक्याभोवती करड्या पडद्याचा तुकडा चिकटलेला, पण आख्खा.

"आले!" मी ओरडले. "काका, पाचही आले!" आणि मी भोकाड पसरलं.

"रड मग," काका म्हणाले. "केसांचं काय?"

"निळीत तीन तास लागतील. तसेच ठेवते."

"ती नारिंगी चांगले करते म्हणालीस ना?"

"काका, आता नारिंगीचं नाव नको."

"तिचा काय दोष? तिला तू दुसऱ्याच्या डब्यात हात घालायला लावलास. नक्कल दे तिला आणि सर्जेरावापुरतं करून घे. तिथं काय वाटेल ते होऊ दे, इकडचं इकडं राहील."

तसंच केलं. एकट्या सर्जेरावाची नक्कल नारिंगीला दिली, केस सोडवून घेतले, साधा फोटो म्हणून वेगळ्या नावानं बाहेर काढला आणि निळीत आणून बसवला. नारिंगीनं जाता जाता तीही फाइल बिघडवली. बिघडवू दे, म्हटलं, आणि कंपनीला कळवायच्या वहीत लिहून ठेवलं. पाचला दहा मिनिटं कमी असताना प्रिंट हातात होता.

आक्कांनी तो नाकाशी धरला आणि हळूहळू डावीकडून उजवीकडं नेला. प्रत्येक मुलाशी थांबून नाव घेतलं. सर्जेरावाशी आल्यावर म्हणाल्या, "ह्याचं क्यास कुणी इंचारलं?"

"मिशनीनं," सर्जेराव म्हणाला.

फोटो छातीशी धरून त्या जीपमधे बसल्या. मिरजेचं ऑपरेशन चांगलं झालं, आठव्या दिवशी पट्टी निघाली आणि आक्कांना भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येईना ते अक्षरओळख नव्हती म्हणून, दिसत नव्हतं म्हणून नाही. मी नेन्यांना फोन करून खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, दहातल्या चौघांनी हेच केलंय, कबूल करणाऱ्या तुम्ही पहिल्या. रंगसाजची नवी आवृत्ती बाजारात आली तेव्हा जुनी फाइल सेव्ह करायच्या आधी ती थांबून विचारायला लागली होती, आधी नक्कल करू का म्हणून. ते वाचून मला दरवेळी काकांचा आवाज ऐकू यायचा.

आबांचं निगेटिव्हही मी दुरुस्त केलं, नकलेवर. नाकाच्या जागी सर्जेरावाचं नाक बसवलं, ते उजेडासकट असं बसलं की मला काही करावंच लागलं नाही.

चैत्रात यात्रेला पाचही मुलगे एकदम आले. आक्कांनीच तारीख धरून सगळ्यांना बोलावलं होतं. दुकानात आल्यावर कुणाला काही सांगावं लागलं नाही. ज्याची खूण जी होती तिच्यावर तो जाऊन उभा राहिला. हणमंतानं आनंदाच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "आता बरं वाटतंय." मधे खुर्चीत आक्का, मांडीवर आबांचा फोटो, डाव्या गालात हसणारा. काकांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. स्वतः मागं जाऊन उभे राहिले.

मी बटण दाबलं.

"आला का गं?" आक्कांनी विचारलं.

"आला, आक्का. सगळे आले."

"आणखी एक काढ," काका मागून म्हणाले.

"कशाला? चांगला आलाय की."

"म्हणूनच. एक त्यांना द्यायचा, एक डब्यात राहील."

"दोन काढ, न्हाईतर दहा काढ," आक्का खुर्चीतून म्हणाल्या. "आम्ही काय कुठं चाललो न्हाई."